कुंड्या आणि पायजमा

रात्रीचा एक वाजून गेलाय आणि मी एकटीच खुदुखुदु हसतेय. वुडहाउसची १९२३ची विनोदी कादंबरी ‘लीव्ह इट टू स्मिथ’ पुन्हा काढली. ब्लँडिंग्ज कॅसलमध्ये हिऱ्यांचा हार चोरीला जातो, आणि दडलेला असतो कुंडीत. चोराच्या मागावर निघालेला सेक्रेटरी बॅक्स्टर पिवळ्याधमक पायजम्यात बाहेरच अडकतो. दार बंद! कोणाला तरी उठवावं म्हणून गडी खिडकीवर कुंड्या भिरकावतो. खिडकी नेमकी लॉर्ड एम्सवर्थची. घरातला सगळ्यांत दक्ष माणूस वेडा ठरतो, नोकरीही जाते. (नायक स्मिथ हुशार खराच, पण तो तोतया पाहुणा, त्याच्या ‘Psmith’ या नावातला ‘पी’सुद्धा मुका.)

अगाथा ख्रिस्तीच्या वाड्यात प्रेत सापडलं की मी पानं मागे उलटून धागेदोरे जुळवते. इथे चोर केव्हाच ठाऊक असतो, तरी दिवा मालववत नाही. बिचारा बॅक्स्टर! अजून दोन प्रकरणं राहिलीत.