घरचा रोजमेळ

सुप्याला आमचे किराणा-भुसार मालाचे दुकान होते. बारामती तालुक्याचा हा भाग जिरायती. पाऊस रुसला, की शेतातल्या ज्वारीबरोबर दुकानाची वसुलीही करपत असे. वडिलांना आम्ही भाऊ म्हणत असू. त्यांच्या बैठकीशेजारी लाल कापडी बांधणीच्या लांबट वह्या रचलेल्या असत. कागदाला घड्या घालून पाडलेले रकाने, डावीकडे जमा, उजवीकडे नावे. उधारी लिहिताना भाऊंची एक रीत होती. माल आणि रक्कम ते आधी गिऱ्हाइकाला मोठ्याने सांगत आणि त्याने मान डोलावल्यावरच वहीत शाई उतरवीत. मला हा वेळेचा अपव्यय वाटे. एकदा तसे बोलून दाखवले, तेव्हा भाऊ एवढेच म्हणाले, "सुप्यात दुकान चालवायचे, तर एवढे करावेच लागते." या वाक्याचा अर्थ उमगायला मला वयाची बेचाळीस वर्षे लागली. तीही दुकानात नव्हे, घरात.

सन २००० मध्ये मी सातारा जिल्ह्यातील एका बँकशाखेत अधिकारी होतो. त्याच्या आदल्या ३१ डिसेंबरची रात्र, साल बदलताना संगणकात गोंधळ होऊ नये म्हणून, देशभरातील असंख्य बँक कर्मचाऱ्यांप्रमाणे मीही शाखेतच काढली होती. फुगे फुगवून वाट पाहत असलेली मुले घरी तशीच झोपी गेली. पुढेही दिवस फारसे निराळे नव्हते. आमच्या घरी संध्याकाळचे जेवण सूर्यास्तापूर्वी होते. मला शाखेतून निघायला आठ वाजत. म्हणून सौभाग्यवतीने दिलेला दुसरा डबा मी साडेपाचला टेबलावरच उरकीत असे. घरी पोचल्यावर माझा पहिला प्रश्न असे, "अभ्यास झाला का?" आणि दुसरा प्रश्न बहुधा नसेच. खिशात एक छोटी डायरी असे. आठवीतल्या मुलाचे चाचण्यांतील गुण, त्याच्या चुका, मोडलेली वचने मी तीत तारीखवार टिपून ठेवीत असे. मी मुलाच्या हिताची काळजी वाहतो आहे, अशी माझी प्रामाणिक समजूत होती.

त्या ऑगस्टमध्ये त्याचे प्रगतिपुस्तक माझ्या हाती लागले. गणितात पंचवीसपैकी सात गुण आणि त्याखाली माझी सही. ती मी केलेली नव्हती. सह्या पडताळण्यात ज्याचे आयुष्य गेले, त्याच्याच सहीची नक्कल त्याच्याच घरात व्हावी! माझी शेवटची रेघ खाली उतरते, त्याने केलेली वर गेली होती. मी ती रेघ दाखवून तासभर व्याख्यान दिले. मुलगा मान खाली घालून उभा होता. अखेर हिला राहवले नाही. ती म्हणाली, "अहो, सही जुळली नाही तर चेक परत पाठवता येतो. मुलगा कुठे परत पाठवणार आहात?"

पाचवीतली धाकटी मुलगी खुदकन हसली. मुलाच्या ओठांवरही हसू आले होते. पण माझ्या चेहऱ्याकडे पाहून ते अर्ध्यावरच थांबले. त्या दिवसापासून त्याची उत्तरे 'हो', 'नाही' आणि 'झाला' एवढ्यावर आली. घरात भांडण नव्हते. फक्त मी आत आलो, की आवाज कमी होत.

दिवाळीला आम्ही सुप्याला गेलो. दुकान तोवर थोरल्या बंधूंकडे आले होते, तरी वहीपूजनाला बैठकीवर भाऊच बसत. नव्या वहीच्या पहिल्या पानावर त्यांनी 'श्री'ची उतरंड काढली, शुभ-लाभ लिहिले, गौतमस्वामींची लब्धी आणि अभयकुमारांची बुद्धी मागितली. पूजा आटोपल्यावर माझ्या मुलाने विचारले, "आजोबा, तुम्ही लिहिण्याआधी गिऱ्हाइकाला वाचून का दाखवत होता?" जो प्रश्न मी तक्रारीच्या सुरात विचारला होता, तो त्याने कुतूहलाने विचारला, म्हणून असेल, त्याला पूर्ण उत्तर मिळाले.

भाऊंनी त्याला १२ मे १८७५ ची हकिकत सांगितली. त्या दिवशी आसपासच्या खेड्यांतील शेतकरी याच सुप्याच्या बाजारात जमले आणि त्यांनी गुजर-मारवाडी सावकारांच्या वह्या व कर्जरोखे बाहेर काढून जाळले. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात, १८६१ ते १८६५ मध्ये, इकडच्या कापसाला तेजी आली व कर्ज सढळ मिळाले. युद्ध संपताच भाव कोसळले, शेतसारा मात्र वाढला आणि सावकारांनी हात आखडला, ही कारणे मी वाणिज्य शाखेच्या अभ्यासात वाचली होती. सुप्यातून हे लोण पुणे आणि नगर जिल्ह्यांत पसरले. माणसांना इजा फार थोडी झाली. रोष होता तो कागदांवर. भाऊ नातवाला म्हणाले, "सगळे सावकार लबाड नव्हते रे. पण वहीत काय लिहिले आहे, ते कुळाला वाचता येत नव्हते आणि कोणी वाचून दाखवीत नव्हते. खरे आकडेसुद्धा मग खोटे वाटू लागतात." त्यानंतर १८७९ मध्ये सरकारने जो कायदा केला, त्यात शेतकरी ऋणकोला लेखी पावती, हिशेबाचा उतारा आणि पासबुकात नोंदी मागण्याचा हक्क मिळाला, एवढी भर मी घातली. पासबुकाची गोष्ट सांगताना बँकवाल्याला अभिमान वाटणे साहजिकच होते.

मुलगा माझ्या खिशाकडे पाहत म्हणाला, "बाबांची डायरी मला कोणी वाचून दाखवलेली नाही."

बैठकीवर क्षणभर कोणी बोलले नाही. नंतर भाऊंनी ढिगातली एक कोरी वही काढून माझ्यासमोर सरकवली आणि म्हणाले, "ही घरी घेऊन जा. आणि पोरांनाही लिहू दे."

घरी परतल्यावर त्या वहीत आमच्या घराचा रोजमेळ सुरू झाला. धाकटीने मुनिमाचे पद स्वतःहून घेतले. नियम दोनच होते. प्रत्येकाला प्रत्येकाच्या खात्यात लिहिण्याचा अधिकार. मात्र नोंद आधी मोठ्याने वाचून दाखवायची. रविवारी सकाळी खतावणी आणि तेरीज. पहिल्या आठवड्याच्या काही नोंदी अशा होत्या: 'आई जमा: तक्रार न करता चार वेळा शोधलेला चष्मा.' 'दादा नावे: टॉवेल ओला, पलंगावर.' लोणच्याची बरणी कोणी फोडली ते काही केल्या कळेना, तेव्हा मुनीमबाईंनी मला विचारून सस्पेन्स खाते उघडले आणि ती रक्कम तिकडे टाकली. ते खाते आजतागायत मिटलेले नाही; मांजरावर संशय आहे.

शनिवारी रात्री मुलाने वही पुढे ओढली. वाचून दाखवताना त्याचा आवाज किंचित कापला. 'बाबा नावे: सोमवार ते शनिवार, सहा जेवणे.' मी हरकत घेणार होतो. शाखेचे काम, जबाबदारी, बढती ही सारी व्हाउचरे माझ्यापाशी तयार होती. पण नोंद खरी होती. मी मान डोलावली. शाई उतरली.

कर्ज मान्य केल्यावर फेड आलीच. रविवारची न्याहारी मी करायची असे ठरले. माझा पहिला उपमा इतका घट्ट झाला, की मुलाने तो ताटातून सुरीने कापून चौघांना समान हप्त्यांत वाटला. त्या दिवशी तो हसला आणि माझ्याकडे पाहूनही थांबला नाही. धाकटीने घरचे चेकबुक काढले. 'बाबांनी एकदा घोडा व्हावे' हा तिचा चेक मी पाठदुखीचे कारण लिहून परत केला, तर तिने त्यावर दंड लावला. दंड म्हणून हत्ती व्हावे लागले.

शाखेत कोणाला हे कळले तर काय म्हणतील, हा संकोच मला होता. हिच्या माहेरच्या गुजराती पुस्तकांत गिजुभाई बधेकांचे एक पुस्तक होते. ते तिने माझ्यापुढे ठेवले. पेशाने वकील असलेला हा गृहस्थ स्वतःला मुलगा झाल्यावर शिक्षणाकडे वळला, १९२० मध्ये त्याने भावनगरला बालमंदिर काढले आणि मुलांत तो इतका रमला, की लोक त्याला 'मिशाळ आई' म्हणू लागले. मला मिशाही नव्हत्या. मग लाजायचे कशाला?

या वहीने चमत्कार घडवला, असे मी म्हणणार नाही. मुलाचे गणित सुधारले ते त्याच्या मामाच्या शिकवणीमुळे. माझ्या बदल्या थांबल्या नाहीत. सहा जेवणांची तूट चारवर आली, शून्यावर कधीच नाही. पण पुढच्या चाचणीत गुण कमी पडले, तेव्हा तो स्वतः वही घेऊन आला, आपल्याच खात्यावर ती नोंद मोठ्याने वाचली आणि म्हणाला, "बाबा, आता सही तुमची." मी ती केली. शेवटची रेघ मुद्दाम वर नेली.

आपल्या व्यापारी घरांत हिशेब रक्तातच असतो. मुलांचाही हिशेब आपण ठेवतोच. बरेचदा मनात, एकट्याने आणि त्यांना न वाचून दाखवता. भाऊ जाऊन आता बरीच वर्षे झाली. मुलगा पुण्यात नोकरी करतो आणि सुटीला आला तरी त्याच्या मांडीवर लॅपटॉप असतो. गेल्या दिवाळीत त्याच्या सात वर्षांच्या मुलीला कपाटात ती लाल वही सापडली. पाने उलटून झाल्यावर तिने मला कानात विचारले, "आजोबा, यात बाबांच्या नावे काही लिहू?"

मी म्हणालो, "अवश्य लिही. पण आधी त्याला मोठ्याने वाचून दाखव."