एक प्रामाणिक अहवाल

सरकारी नोकरीत ज्याचे केस पिकले, त्याच्या मनात अहवाल या वस्तूविषयी फारसा आदर उरत नाही. समिती नेमावी, तिने वर्षभर बैठका घ्याव्यात आणि अखेर ‘प्रगती समाधानकारक आहे, अधिक निधीची शिफारस करण्यात येते’ असे लिहून मोकळे व्हावे, ही रीत आपल्या अंगवळणी पडलेली आहे. तेव्हा एका शास्त्रज्ञाच्या कार्याविषयी वाचताना त्याच्या शोधांइतकाच त्याचा एक अहवाल मला मोलाचा वाटला, हे ऐकून वाचकांना नवल वाटेल.

या वाचनाकडे मी वळलो तो जबलपूरमुळे. येथे गढ्याच्या बाजूला, नागपूरच्या रस्त्यावर (म्हणजे आपल्या घरच्या रस्त्यावरच म्हणा ना) आदिवासींच्या आरोग्याविषयी संशोधन करणारी संस्था १९८४ पासून उभी आहे. मंडला, डिंडोरी, शहडोल या बाजूला ज्यांची बदली झाली त्यांना सिकलसेल हा शब्द नवा नाही, आणि विदर्भातून आलेल्यांना तर तो घरचाच. हिमोग्लोबिनच्या एका साखळीतील सहाव्या जागी एक घटक बदललेला असतो, एवढाच काय तो दोष. इंग्राम यांनी तो १९५६-५७ साली दाखवून दिला. पण तेवढ्याने तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि हाडे अशी ठणकतात की मोठा माणूसही ओरडतो. आईबाप दोघेही वाहक असले तर प्रत्येक मुलाला हा रोग होण्याचा संभव चारात एक.

एका अक्षराची चूक. ती दुरुस्त का होऊ नये? बाहेरून निरोगी जनुक पेशीत नेऊन सोडण्याची कल्पना येथूनच आली. विषाणूचे विष काढून घ्यावयाचे आणि त्याला हमालासारखे वापरावयाचे. १९९० साली अमेरिकेत चार वर्षांच्या एका मुलीवर असा अधिकृत प्रयोग झाला आणि उत्साहाला उधाण आले. वर्तमानपत्रे, कंपन्या, विद्यापीठे, सर्वांच्या तोंडी एकच भाषा.

अशा वेळी, १९९५ साली, या खर्चाची छाननी करणाऱ्या सरकारी समितीचे नेतृत्व बोस्टनचे स्टुअर्ट ऑर्किन आणि सिॲटलचे आर्नो मोटुल्स्की यांच्याकडे आले. ऑर्किन हे जनुकशास्त्रातलेच. थॅलेसेमियातील जनुकदोष हुडकण्यात त्यांचा मोठा वाटा. आपल्याच क्षेत्राची भलावण करणे त्यांना सोपे होते. त्यांनी लिहिले ते असे: एकाही प्रयोगात रोग्याला निश्चित गुण आल्याचे अद्याप सिद्ध झालेले नाही, लोकांना भलतीच आशा दाखविण्यात आली आहे, आणि आता प्रयोगशाळेत परतून मूलभूत अभ्यास केला पाहिजे. बिरादरीत असा अहवाल कोणाला रुचणार? पण पुढे १९९९ साली फिलाडेल्फियात जेसी गेल्सिंगर हा अठरा वर्षांचा मुलगा अशाच एका प्रयोगात दगावला, तेव्हा त्या शब्दांचे वजन सर्वांना कळले.

दुसऱ्याला परत जा म्हणणारे पुष्कळ असतात. ऑर्किन स्वतः परतले. सिकलसेलची बालके जन्मानंतर काही महिने चांगली असतात, हे जॅनेट वॉटसन या डॉक्टरबाईंनी १९४८ सालीच नोंदविले होते. कारण गर्भातले हिमोग्लोबिन वेगळे असते आणि ते बाळाला सांभाळते. मग ते बंद कोण करतो? स्वी ले थाइन यांच्या अभ्यासातून एका जनुकाकडे बोट दाखविले गेले, आणि २००८ साली ऑर्किन यांच्या प्रयोगशाळेत विजय शंकरन या तरुणाने इतरांसह तोच कुलूप घालणारा असल्याचे दाखविले. त्याचे नाव बीसीएल११ए. परंतु हे जनुक शरीरात अन्यत्रही आवश्यक असल्याने ते सरसकट मोडून चालत नाही. २०१३ साली त्याचा केवळ तांबड्या पेशींपुरता चालणारा खटका सापडला. तेवढाच कापावयाचा! नवे जनुक आत नेण्याची गरजच उरली नाही. जन्मतः मिटलेले दार पुन्हा उघडले म्हणजे झाले. या तत्त्वावरील कॅसजेव्ही या उपचाराला नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रिटनने व डिसेंबरात अमेरिकेने मान्यता दिली. १९९५ पासून मोजले तर अठ्ठावीस वर्षे. त्याची अमेरिकेतील किंमत मात्र बावीस लाख डॉलर, आणि त्याआधी तीव्र औषधाने हाडांतला मगज रिकामा करावा लागतो, ते दिव्य वेगळेच.

आमच्या कचेरीतला एक शिपाई डिंडोरीकडचा गोंड. त्याची धाकटी मुलगी या रोगाने हैराण. नोव्हेंबर २०२५ मध्ये दिल्लीच्या जीनोमिक्स संस्थेने तयार केलेल्या ‘बिरसा १०१’ या देशी उपचाराची घोषणा झाली. बिरसा मुंडांचे नाव, आणि तंत्र पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटकडे सोपविण्याचा करार. शिपाई कात्रण घेऊन माझ्या टेबलापाशी उभा राहिला. “साहब, इसमें लिखा है बीमारी कट जाती है। सच है?”

‘चौकशी करतो’ हे आपले ठेवणीतले उत्तर त्या वेळी तोंडातून निघेना. त्याला समोर बसवले. म्हटले, खरे आहे, पण घोषणा म्हणजे दवाखान्याच्या खिडकीवर मिळणारे औषध नव्हे. कधी मिळेल ते मला सांगता येत नाही. आज हाती आहे ती हायड्रॉक्सियुरियाची गोळी. तीही गर्भातले हिमोग्लोबिन काहीसे वाढविते, पण ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली, नेमाने रक्त तपासून घ्यावी लागते. मुलीने पाणी भरपूर प्यावे, थंडी सांभाळावी, ताप आला तर दिवस मोडू नये. आणि थोरल्या मुलाचे लग्न ठरविण्याआधी त्याची तपासणी करून घे. १ जुलै २०२३ ला शहडोलला पंतप्रधानांच्या हस्ते जी मोहीम सुरू झाली, तिच्यात ती होते.

तो बराच वेळ गप्प राहिला. मग कात्रणाची घडी घालीत म्हणाला, “गोली तो रोज़ की है न, साहब? भूलने से नहीं चलेगा?”

“नहीं चलेगा,” मी म्हटले, आणि तपासणीचा दिवस कोणता ते विचारून त्याची त्या दिवशीची रजा तेथेच मंजूर केली.