चौकटींतला उजेड

पडद्यावरील एखादें दृश्य डोळ्यांत भरलें, कीं आपण सहज म्हणतों, "काय सुरेख कॅमेरा आहे!" चित्रपटकलेची विद्यार्थिनी या नात्यानें मला मात्र असें दिसून आलें, कीं असें दृश्य कॅमेऱ्यापुढें येण्याच्या किती तरी आधीं कागदावर आणि घड्याळावर उभें राहिलेलें असतें.

सत्यजित राय यांनीं 'पथेर पांचाली'चें चित्रण १९५२ सालीं काश-गवताच्या पांढऱ्या तुऱ्यांनीं भरलेल्या माळावर सुरू केलें. आठवड्यानें परत जाऊन पाहतात, तों तुरे गुरांनीं फस्त केलेले! त्यांनीं पुढच्या हंगामाची वाट पाहिली. पुढें 'अपराजितो'साठीं (१९५६) बनारसच्या घराचा चौक स्टुडिओंत उभारला, तेव्हां वरून झिरपणारा मंद उजेड आणावा कोठून, असा प्रश्न पडला. छायालेखक सुब्रत मित्र यांनीं चौकावर पांढरें कापड ताणलें, खालून त्यावर दिव्यांचे झोत सोडले आणि परतून येणाऱ्या प्रकाशांत चित्रण केलें.

मला दहा मिनिटांचा लघुपट करावयाचा होता. विषय होता आजीचा वाडा. संक्रांतीनंतर तो पाडला जाणार होता. म्हणजे पुढच्या हंगामाची सोय मला नव्हती. थंडींत त्या चौकांतून ओसरीवर ऊन जेमतेम वीस मिनिटें येई. चार दिवस मीं खडूनें फरशीवर उन्हाची कड आंखिली आणि शेजारीं वेळ लिहिली. अकरा वाजून दहा मिनिटांनीं तें ओसरीला शिवे आणि साडेअकरास निघून जाई.

एका वर्गमित्रानें सुचविलें, "ड्रोन उडवून वरून घेऊं या, कौलांच्या मध्यें चौकोनी चौक फार नामी दिसेल." दिसलाही असता. परंतु आजीनें आपला वाडा वरून कधींच पाहिला नव्हता. साठ वर्षें तिनें तो माजघरांतून पाहिला होता. म्हणून कॅमेरा माजघराच्या अंधारांत ठेवावयाचा, मध्यें दाराची चौकट, आणि पलीकडे उजेडांत वाती वळीत बसलेली आजी, असें रेखाटन मीं केलें. भिंगाचें छिद्र उन्हाच्या मानानें बारीक ठेविलें, म्हणजे माजघर काळेंभोर पडतें आणि पाहणाऱ्याचा डोळा मुकाट्यानें उजेडाकडे जातो.

चित्रणाच्या दिवशीं ऊन सरकूं लागलें, तशी आजीनें कोणीं न सांगतां आपला पाट उन्हामागोमाग सरकविला. एकदां, दोनदां, तीनदां. अखेर ती चौकटीच्या कडेला जाऊन टेकली. रेखाटनांत हें नव्हतें. पण उन्हाची वाट आधींच आंखलेली असल्यामुळें तिला सरकण्यापुरती जागा चौकटींत होती. लघुपट पाहून लोक आज त्याच दृश्याविषयीं विचारतात.

तो वाडा आतां नाहीं. कॅमेरा मात्र घरोघरीं प्रत्येकाच्या खिशांत आहे. तो उचलण्यापूर्वीं, हें कसें दिसेल, असें आपण विचारतोंच. हें रोज कोण पाहत आलें आहे आणि कोठून, हेंही विचारावें. कॅमेरा कोठें ठेवावयाचा, तें मग बहुधा आपोआप कळतें.