निगेटिव्ह, पण कधीचा?

अपघातातल्या त्या तरुणाला रात्री कॅज्युअल्टीत आणलं तेव्हा त्याला शुद्ध नव्हती. ग्रुपिंगसाठी रक्त घेऊन मी सुई काढत होते, तेवढ्यात त्याने हात झटकला आणि तीच सुई हातमोज्यातून माझ्या अंगठ्यात शिरली. पोकळ सुई, आत ताजं रक्त. नर्सला याचा अर्थ कुणी सांगावा लागत नाही.

नळाखाली साबणाने अंगठा धुतला. वॉर्डातली मावशी म्हणत होती, "दाबून रक्त काढा, सिस्टर." तसं करायचं नसतं, वर स्पिरीटही ओतायचं नसतं. त्या मुलाची एचआयव्ही चाचणी करायची तर त्याची किंवा नातेवाइकांची संमती हवी. 2017चा कायदाच तसा आहे, आणि तो बरोबर आहे. पण सोबत कुणीच नव्हतं, आणि त्याला लगेच पुढे हलवलं. डॉक्टर म्हणाले, वाट बघू नका, पहिली गोळी आत्ताच घ्या. लागण रोखणारं हे औषध 72 तासांच्या आत सुरू व्हावं लागतं, पण तेवढा वेळ हातात आहे असं समजून बसायचं नसतं. जितकं लवकर तितकं चांगलं. टेनोफोविर, लॅमिव्हुडिन, डोलुटेग्राविर, तिन्ही एकाच गोळीत. रोज एक, 28 दिवस.

सकाळी आयसीटीसीत, म्हणजे एचआयव्ही चाचणी केंद्रात, रक्त दिलं. रिपोर्ट निगेटिव्ह. सासूबाईंना काही सांगितलंच नव्हतं, नवरा म्हणाला, "सुटलो! मग आता गोळ्या कशाला?"

त्याला समजावता समजावता माझंच मन थाऱ्यावर आलं. रॅपिड टेस्ट विषाणूला शोधत नाही. शरीराने त्याच्याविरुद्ध तयार केलेली प्रतिपिंडं शोधते, आणि ती तयार व्हायला काही आठवडे जातात. म्हणजे तो रिपोर्ट कालच्या सुईबद्दल अवाक्षर बोलत नव्हता. सुई टोचण्याआधी मला लागण नव्हती, एवढंच त्यात होतं. तरी तो कागद जपून ठेवायचा. पुढे काही निघालंच तर ते ड्युटीवर झालं हे दाखवायला तोच उपयोगी.

रुग्ण बाधित असला आणि औषध घेतलं नाही, तरी अशी सुई टोचलेल्या हजारांत साधारण तिघांना लागण होते. हा आकडा मी नव्या मुलींना कितीदा शिकवला असेल. पण अंगठा आपला असला की उरलेल्या 997 जणांत आपण असू, हे मन मानत नाही. हेपेटायटिस बी सुईतून याहून कितीतरी सहज लागतो, त्याला मात्र कुणी घाबरत नाही! त्याची लस मी घेतलेली होती.

पहिला आठवडा मळमळीत गेला. माझी कॅल्शियमची गोळी या गोळीपासून लांबच्या वेळेला ढकलली, नाहीतर औषध नीट शोषलं जात नाही. घसा खवखवला की छातीत धस्स व्हायचं. लक्षणांवरून निदान होत नाही, हे पाठ असूनही. घरात निरोध वापरायचा, रक्तदान करायचं नाही. मैत्रीण म्हणाली, खाजगी लॅबमध्ये चौथ्या पिढीची टेस्ट कर, ती विषाणूचं अँटिजेनही पकडते, लवकर कळतं. पण गोळ्या चालू असताना प्रतिपिंडं उशिरा दिसू शकतात, म्हणून मी कार्डावरच्याच तारखा धरल्या: सहा आठवडे, तीन महिने, सहा महिने.

पहिल्या दोन्ही वेळा नवरा बाकावर बसून होता. दोन्ही निगेटिव्ह. शेवटच्या चाचणीला तो आला नाही. त्या दिवशी कापूस खरेदी केंद्रावर त्याचा नंबर लागला होता.