वीस मीटर तार

हौशी रेडिओसाठी मी आजवर जे जे विकत घेतलं, त्यात सर्वांत कमी पैसे तारेला लागले आणि सर्वांत जास्त काही दिलं तेही तारेनंच. सेट बदलले, घरं बदलली, गाव सुटलं. तार मात्र जिथे गेलो तिथे बांधली.

पहिली तार घरातच होती. मिरजेच्या आमच्या वाड्यात माजघराच्या एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत तांब्याच्या जाळीची बोटभर रुंद पट्टी ताणलेली असे आणि तिची एक वायर व्हॉल्व्हच्या रेडिओमागे खोचलेली असे. त्या काळी अशी एरियल पुष्कळ घरांत दिसायची. रात्री निजानीज झाली की मी काटा शॉर्टवेव्हवर न्यायचो. वायर उपसली की सिलोन, बीबीसी सगळे गप्प. पुन्हा खोचली की सगळे हजर. मधेच सात मेगाहर्ट्झच्या आसपास विचित्र आवाज यायचे. माणसंच बोलताहेत हे कळे, शब्द मात्र एकही लागत नसे.

त्याचा उलगडा पुण्यात शिकायला आल्यावर झाला. शेजारच्या इमारतीत राहणारे एक काका हौशी रेडिओवाले होते, म्हणजे 'हॅम'. त्यांनी समजावलं, की आकाशवाणीच्या लहरीत बरीचशी शक्ती वाहक लहरीवर खर्च होते आणि आवाज तिच्या दोन्ही बाजूंना दोनदा जातो. हॅम लोक वाहक लहर आणि एक बाजू गाळून टाकतात; उरलेल्या एका बाजूवर थोड्या वॅटमध्ये लांब बोलता येतं. गाळलेली वाहक लहर ऐकणाऱ्यानं आपल्याकडे तयार करून मिसळायची. साध्या रेडिओत ती सोय नसते, म्हणून शब्द फुटतात.

"मग नवीन रेडिओ घ्यावा लागेल?" मी विचारलं.

"कशाला? दोन जुने ट्रान्झिस्टर आण."

त्यांनी एक ट्रान्झिस्टर सात मेगाहर्ट्झवर लावला, दुसरा त्याला खेटून ठेवला आणि 455 किलोहर्ट्झ खाली लावला. दुसऱ्या रेडिओच्या आतला ऑसिलेटर त्याच्या काट्यापेक्षा तेवढाच वर चालतो, म्हणजे नेमका पहिल्याच्या जागी. त्याची गळती हीच आमची वाहक लहर. काका चाक केसभर फिरवत गेले, आवाज घोगरा झाला, मग पातळ, आणि एका क्षणी स्वच्छ हिंदीत कुणीतरी आपल्या गावच्या पावसाबद्दल बोलू लागलं. लहानपणापासून ऐकलेल्या त्या आवाजाचे शब्द मला पहिल्यांदा कळले, आणि त्यासाठी एक पैसाही लागला नव्हता.

पुढची काही वर्षं पुण्याच्या तापकीर गल्लीत, सुट्या भागांच्या दुकानांत गेली. पगार बेताचा, आणि परदेशी ट्रान्सीव्हरची, म्हणजे ऐकायच्या-बोलायच्या सेटची, किंमत कित्येक महिन्यांच्या पगाराइतकी. पण बीसी 548 ट्रान्झिस्टर सुट्या पैशांत मिळे, सोल्ड्रॉनचं 25 वॅटचं सोल्डरिंग आयर्न एकदा घेतलं की वर्षानुवर्षं टिके. कॉइलसाठी एनॅमलची तार मोटर रिवाइंडिंगवाल्याकडे वजनावर मिळायची. ती ब्लेडनं खरवडून टोकाला लख्ख तांबं दिसेपर्यंत सोल्डर धरत नाही, हे हातांनी शिकलेलं ज्ञान आहे.

बोलायचं तर परवाना हवा. त्याशिवाय ट्रान्समीटर बाळगणंही गुन्हा. दूरसंचार विभागाच्या वायरलेस शाखेची परीक्षा असते, वय बारा पूर्ण असलं की देता येते. रिस्ट्रिक्टेड ग्रेडला आता मोर्स लागत नाही. जनरल ग्रेडला मिनिटाला आठ शब्द पाठवता आणि घेता यावे लागतात. पास झालं की व्हीयू 3 किंवा व्हीयू 2 ने सुरू होणारं आपलं सांकेतिक नाव मिळतं. मला ते मिळालं तेव्हा माझ्याकडे ट्रान्समीटर नव्हता.

तो आला बिटएक्समुळे. हैदराबादचे अशर फरहान, व्हीयू 2 ईएसई, यांनी एकविसाव्या शतकाच्या सुरुवातीला या सेटचा नकाशा सर्वांसाठी मोकळा केला. आपल्या बाजारात सहज मिळतील अशाच सुट्या भागांतून तो बनावा, ही त्यामागची जिद्द. ॲम्प्लिफायर असे योजले, की ऐकताना संदेश एका दिशेनं जातो आणि बोलताना त्याच भागांतून उलट दिशेनं. त्यामुळे अर्धे भाग वाचले. परदेशी टोरॉइड कडी मिळेना, तर कॉइल नळाच्या वॉशरवर गुंडाळायची. मी हार्डवेअरच्या दुकानातून मूठभर वॉशर आणले, एकेका वेढ्याला तार घट्ट ओढत कॉइल भरली, हलू नये म्हणून वर मेण ओतलं. पुढे 2016 मध्ये बिटएक्स 40 हा तयार बोर्ड आला, सात वॅटचा, आणि जगभरातल्या नवशिक्यांनी तो मागवला. आपल्याकडच्या टंचाईतून निघालेली युक्ती श्रीमंत देशांतल्या टेबलांवर जाऊन बसली, याचा मला आजही मनापासून अभिमान वाटतो.

सेट झाला, आता एरियल. हिशेब सोपा आहे. प्रकाशाचा वेग सेकंदाला तीन लाख किलोमीटर, त्याला 7.1 मेगाहर्ट्झनं भागलं की लहरीची लांबी सुमारे 42 मीटर येते. तिच्या निम्मी तार घ्यायची, टोकांच्या परिणामासाठी किंचित कापायची: वीस मीटर. मधोमध तोडून दहा-दहाचे दोन हात करायचे (हाच डायपोल) आणि तिथून केबल खाली घ्यायची. सोसायटीच्या गच्चीवर मी एक वेळू उभा केला, दोन्ही हात तिरपे खाली आणून कठड्याला नायलॉनच्या दोरीनं बांधले. सेटला वीज यूपीएसच्या 12 व्होल्टच्या बॅटरीची, कारण स्वस्त अडॅप्टर सात मेगाहर्ट्झवर इतकी खरखर करतात की कमकुवत आवाज त्यात बुडून जातात.

या तारेला आकाशाची साथ असते. दिवसा काहीशे किलोमीटरची स्टेशनं चांगली ऐकू येतात. लांबची मात्र नाहीत, कारण आयनांबराचा खालचा थर त्यांच्या लहरी गिळून टाकतो. सूर्य मावळला की तो थर विरतो, लहरी वरच्या थरावर आपटून हजारो किलोमीटर दूर उतरतात. सात वॅट, म्हणजे रात्रीच्या छोट्या दिव्याइतकी शक्ती, एवढ्या बळावर पलीकडून कुणी आपलं सांकेतिक नाव अक्षर-अक्षर करून परत म्हणतं, तेव्हा अंगावर काटा येतो.

गरज पडली की हीच साधी सामग्री जीव वाचवायच्या कामी येते. डिसेंबर 2004 मध्ये भारती प्रसाद, व्हीयू 2 आरबीआय, यांचं पथक पोर्ट ब्लेअरहून जगभरच्या हॅमशी बोलण्यासाठी अंदमानात होतं. 26 तारखेला त्सुनामी आली, फोन बंद पडले, आणि त्यांच्या रेडिओवरून बेटांवरच्या माणसांची खुशाली मुख्य भूमीवर पोचू लागली.

अलीकडे माझ्या भाचीनं मोबाइलवर एका चकचकीत सेटचं चित्र दाखवलं. "मामा, बाबा म्हणतात एवढे पैसे आत्ता नाहीत. मग सोडून देऊ?"

मी तिला क्रम सांगितला. आधी ऐक. टीव्हीसाठी निघालेल्या चिपचा यूएसबी डोंगल काही हजारांत मिळतो आणि लॅपटॉपवर रेडिओचा मोठा पट्टा उघडतो. 437.800 मेगाहर्ट्झवर लाव, आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानक डोक्यावरून जाताना त्याचा रिपीटर (ऐकलेलं पुन्हा प्रक्षेपित करणारा संच) चालू असेल तर हॅम बोलताना ऐकू येतील. स्थानक जवळ येताना आणि दूर जाताना आवाजाची जागा सरकते, तेव्हा पुस्तकातला डॉप्लर परिणाम तुला समोर दिसेल. मग परीक्षा दे. चिनी बनावटीचे हातातले सेट स्वस्त आहेत, पण परवाना हातात येईपर्यंत घेऊ नकोस. त्यांची धाव नजरेच्या टप्प्याइतकी किंवा डोंगरावरच्या रिपीटरपर्यंत. लांब जायचं तर तार लागेल, आणि तार आजच घेता येते.

आम्ही दोघं इलेक्ट्रिकच्या दुकानात गेलो. तिनं स्वतः हिशेब केला, मीटरपट्टीनं तार मोजली, मधे तोडली. केबलसाठी तिनं डिशवाल्याची 75 ओहमची वायर सुचवली. डायपोलच्या मधल्या जागेचा रोधही तितकाच, सुमारे 73 ओहम, हे ती वाचून आली होती.

महाग सेट वाईट नसतो. ज्याला जमेल त्यानं अवश्य घ्यावा. पण स्वस्तातली सुरुवात ही नाइलाजाची सुरुवात आहे असं मला कधीच वाटलं नाही. हाताने गुंडाळलेली कॉइल, मोजून कापलेली तार, अडखळत शिकलेला मोर्स यांतून रेडिओ आपल्याला आतून कळतो, आणि पुढे कितीही भारी यंत्र समोर आलं तरी ते उघडायची भीती राहत नाही. भाचीची परीक्षा पुढच्या वर्षी आहे. तिची तार आत्ताच तयार आहे.