ओहोटीची वाट

‘दांडी’ हे नाव कानावर पडताच मिठाच्या सत्याग्रहाची आठवण व्हावी, हे स्वाभाविकच आहे. परंतु १२ मार्च १९३० रोजी साबरमतीहून निघून महात्मा गांधी ज्या दांडीला पोहोचले आणि ६ एप्रिलला जिच्या किनाऱ्यावर त्यांनी चिमूटभर मीठ उचलले, ती दांडी गुजरातेत, नवसारीच्या बाजूस आहे. मी सांगणार आहे ती दांडी निराळी. ती आपल्या पालघर जिल्ह्यात, बोईसरच्या पश्चिमेस, समुद्राच्या अगदी कुशीत वसलेली आहे. समुद्र मात्र दोघींचा एकच. तिकडच्या दांडीचे नाव इतिहासाच्या पुस्तकात आहे आणि इकडच्या दांडीचे नाही, याचे गावातल्या मुलांना थोडेसे वैषम्य वाटते, असे मला आढळले.

माझा एक जुना विद्यार्थी या गावचा. त्याच्या आग्रहावरून माघातल्या एका संध्याकाळी मी तेथे जाऊन पोहोचलो. बोईसरला आगगाडीतून उतरल्यावर प्रथम दिसतात ती तारापूर औद्योगिक वसाहतीची धुराडी. कारखाने, मालमोटारी आणि एक उग्र दर्प यांतून वाट काढत माणूस पुढे जातो. मग हळूहळू ताड-माडांची झाडे दिसू लागतात, वाऱ्याला खारटपणा येतो आणि बांबूंच्या मांडवांवर ओळीने टांगलेले बोंबील दिसले की समजावे, मांगेल्यांचे गाव आले. मांगेले म्हणजे या किनाऱ्यावरचे जुने मच्छीमार. विद्यार्थ्याचे वडील अनेक वर्षे होडीचे तांडेल होते. तांडेल म्हणजे होडीवरचा मुख्य. समुद्रावर त्याचा शब्द अखेरचा. आता वयोमानामुळे ते होडीवर जात नाहीत. परंतु सारे गाव त्यांना ‘तांडेल’ म्हणूनच हाक मारते. मुलगा वसाहतीत नोकरीला जातो. नात सातवीत शिकते.

“मास्तर, उद्या तुम्हाला किनारा दाखवतो,” तांडेल म्हणाले. “पण पायी नाही. तुमच्याजवळ दिवस थोडे. सायकलने जाऊ.”

“रस्ता कुठून आहे?” मी विचारले.

“रस्ता रात्री समुद्राखाली असतो. सकाळी वर येतो.”

नात खुदकन हसली. तिला हे कोडे परिचयाचे असावे. मग अंगणात बसून तांडेलांनी ते उलगडून दाखवले. दुसरा दिवस माघ वद्य तृतीयेचा होता. “तृतीया म्हणजे तीन. तीनाचे पाऊणपट सव्वादोन. म्हणून पूर्ण भरती सव्वादोनच्या सुमाराला. एकदा रात्री, एकदा दुपारी. दोन भरत्यांच्या मध्ये ओहोटी. म्हणजे सकाळी साडेआठच्या आसपास समुद्र सर्वांत दूर गेलेला असेल. सात वाजता निघू.”

एवढे गणित त्यांनी बोटांवरदेखील केले नाही. मला त्याचे फार कौतुक वाटले. चंद्र दररोज आदल्या दिवसापेक्षा सुमारे पन्नास मिनिटे उशिरा उगवतो आणि समुद्राचे पाणी त्याच्या ओढीने चढते-उतरते. म्हणून भरतीही रोज तितकीच मागे पडत जाते. तिथीची पाऊणपट करण्याची रीत म्हणजे दर तिथीला पंचेचाळीस मिनिटे धरण्यासारखे झाले. ज्या कोणी ही रीत प्रथम बसवली, त्याच्याजवळ घड्याळ नव्हते, दुर्बीण नव्हती. आभाळातला चंद्र आणि पायांखालची वाळू एवढेच होते. अष्टमीला ताडून पाहा. आठाचे पाऊणपट सहा. त्या दिवशी भरती सहाच्या सुमाराला येते.

नातीने मात्र लगेच फोन काढला. त्यात दुसऱ्या दिवसाची भरती-ओहोटी मिनिटासकट लिहिलेली होती. आजोबांच्या आणि फोनच्या वेळेत अर्ध्या तासाचाही फरक नव्हता. तिने तो मोठ्याने वाचून दाखवला. तांडेल शांतपणे म्हणाले, “तुझा फोन बरोबर आहे, बाय. पण वारा कुठून सुटलाय, ते तो सांगत नाही.”

सकाळी आम्ही तिघे निघालो. पुढे तांडेल, मधे नात, मागे मी. निघण्यापूर्वी तांडेलांनी तिन्ही सायकलींच्या चाकांतली थोडी थोडी हवा सोडली. टणक चाक वाळूत रुतते. जरा मऊ झालेले चाक वाळूवर पसरून बसते आणि वरून चालते. कोरड्या पुळणीवरून सायकली हातांनी ढकलत आम्ही खाली उतरलो, आणि ओल्या वाळूची पट्टी लागताच चाके आपोआप पळू लागली. असे का व्हावे, हे तुम्हीही करून पाहू शकाल. कोरडी वाळू मुठीत धरली तर सांडते. तीच ओली केली की तिचा किल्ला होतो. वाळूच्या कणांमधला पाण्याचा पातळ पापुद्रा त्यांना एकमेकांशी धरून ठेवतो. पाणी फार झाले तर मात्र तो बंध सुटतो आणि वाळू पुन्हा पातळ होते. म्हणून तांडेल ना फार वरून जात, ना लाटांच्या काठाने. मधली एक अदृश्य वाट त्यांना दिसत होती, आणि ते सांगतील तसे आम्ही त्यांच्या चाकोरीतून चाललो होतो.

काय सुंदर सकाळ होती ती! समुद्र खरोखरच दूर गेला होता. या बाजूला भरती-ओहोटीतले अंतर मोठे असते. उत्तरेस खंबायतच्या आखाताकडे जावे तसतसे ते वाढत जाते. आखातात तर ते दहा मीटरांपर्यंत पोहोचते. त्यातून पौर्णिमा नुकतीच होऊन गेलेली. पौर्णिमा-अमावास्येला सूर्य आणि चंद्र एकाच रेषेत येऊन पाणी ओढतात, तेव्हा उधाण येते. भरती खूप चढते आणि ओहोटीही तेवढीच खोल जाते. अष्टमीच्या सुमाराला दोघांची ओढ आडवी-उभी होते, तेव्हा पाणी थोडेच हलते. त्याला भांग म्हणतात. आम्ही उधाणाच्या ओहोटीत चाललो होतो. जिथे रात्री कदाचित होड्या गेल्या असतील, तिथे आमच्या सायकलींची चाके फिरत होती. वाळूवर लहान लहान खेकड्यांनी मोहरीएवढ्या गोळ्यांची रांगोळी घातली होती. आमची चाहूल लागताच ते बिळांत नाहीसे होत. पाण्याच्या कडेला कुरव पक्ष्यांचा थवा बसला होता.

उच्छेळीच्या बाजूला वाळू संपून खडक सुरू झाले, तेव्हा आम्ही उतरलो. काही बायका खडकांवर वाकून कालवे काढत होत्या. कालवाचे शिंपले खडकाला असे चिकटलेले असतात की, ते शिंपले आहेत की खडकच, हे नवख्याला कळत नाही. हातातल्या लोखंडी हत्याराने टिचकी मारल्यासारखा घाव घालून त्या आतला गर अलगद काढत. त्यांचेही सारे लक्ष हातांकडे आणि पाठ समुद्राकडे होती. पण मधूनमधून त्या मान वळवून पाण्याकडे पाहून घेत.

सायकली खडकाला टेकवून आम्ही पाणी प्यालो. तेवढ्यात नातीने विचारले, “मास्तर, ती उभ्याने चालवायची दोन चाकांची गाडी इथे चालेल का?” तिने फोनवर भूमध्य समुद्रातल्या एका बेटाचे चित्र पाहिले होते. पुढे वाटाड्या, मागे रांगेने पाच-सहा प्रवासी, आणि सगळे कड्याच्या काठाकाठाने आडवाटेने एका विचित्र गाडीवर उभे राहून चाललेले! ती गाडी म्हणजे ‘सेगवे’. डीन केमन नावाच्या अमेरिकन संशोधकाने ती २००१ साली जगापुढे आणली. तिची दोन चाके पुढे-मागे नसून शेजारी-शेजारी असतात. पुढे झुकले की ती पुढे जाते, मागे झुकले की थांबते. तळहातावर उभी काठी तोलताना काठी जिकडे कलेल तिकडे तुम्ही हात नेता ना? ती गाडी नेमके तेच करते. माणूस कलला, हे तिच्यातील यंत्रांना क्षणात कळते आणि चाके धावून त्याच्या खाली येतात. ही गाडी सगळ्या शहरांचे रूप पालटून टाकील, असे तेव्हा पुष्कळांना वाटले होते. तसे काही झाले नाही. २०२० साली त्या मूळ गाडीचे उत्पादनही थांबले. तरी सहलींना ती अजून काही ठिकाणी वापरतात.

“म्हणजे पडायची भीती नाही?” नातीने विचारले.

“तोल गाडी सांभाळते,” मी म्हणालो.

“आणि भरतीची वेळ कोण सांभाळते?” तांडेलांनी विचारले. “पुढचा वाटाड्या ना? मग ठीक.”

भूमध्य समुद्रात बहुतेक ठिकाणी भरती-ओहोटीचा फरक अगदी थोडा, अनेक जागी वीतभर-हातभरच असतो, असे मी सांगितले. तेव्हा तांडेलांना त्या समुद्राची जरा कीव आल्यासारखी दिसली. “मग तिथे माणसे वाट कशाची बघतात?” ते म्हणाले.

खडकांवरून उत्तरेकडे पाहिले की तारापूरच्या अणुवीज केंद्राची उंच चिमणी दिसते. भारतातले हे पहिले अणुवीज केंद्र; त्याचे पहिले दोन संच २८ ऑक्टोबर १९६९ पासून वीज देऊ लागले. पुढे तिसरा आणि चौथा संच उभारताना पोफरण आणि अक्करपट्टी ही गावे तेथून हलवून दुसरीकडे वसवण्यात आली. तांडेलांनी हात वर करून दिशा दाखवली. “त्या बाजूला पोफरण होते. तिथे आमची सोयरीक होती.” एवढेच ते बोलले. तिकडे संरक्षित क्षेत्र असल्यामुळे कोणालाही जाता येत नाही. दक्षिणेस, आमच्या पाठीमागे, नवापूर आणि दांडी यांच्यामधली खाडी होती. तिच्याविषयी ते जास्त बोलले. लहानपणी त्या खाडीत जाळे टाकून ते घरच्यापुरती मासळी आणत. औद्योगिक वसाहतीचे सांडपाणी नवापूरच्या बाजूस समुद्रात सोडले जाते. खाडीतली मासळी गेली, अशी मच्छीमारांची तक्रार आहे. २०१६ साली मांगेला समाजाच्या परिषदेने राष्ट्रीय हरित लवादाकडे दाद मागितली आणि २०२२ साली लवादाने प्रदूषणाबद्दल भरपाईचा आदेश दिला. हे सांगताना तांडेलांच्या आवाजात राग नव्हता. मुलगा त्याच वसाहतीत नोकरीला आहे, हे ते विसरले नव्हते. त्याच पगारावर नातीची सायकल आली होती. मला वाटते, या गावातल्या पुष्कळ घरांत अशा दोन गोष्टी एकाच छपराखाली राहत असतील.

पुढे खडकांच्या पलीकडे वाळूचा एक लांब पट्टा समुद्रात शिरलेला दिसत होता. उन्हात तो चांदीसारखा चमकत होता. नातीला तिथवर जायचे होते. “आजोबा, नऊच वाजलेत. भरती दुपारी सव्वादोनला आहे. पाच तास आहेत!” तिचे म्हणणे गणिताप्रमाणे चूक नव्हते. तांडेलांनी वाळूकडे पाहिले, मग वाऱ्याकडे तोंड केले. पहाटे जमिनीवरून वाहणारा वारा आता पडला होता, आणि पश्चिमेकडून एक नवी झुळूक येत होती.

“परत,” ते म्हणाले. तांडेलाचा शब्द अखेरचा!

नात हिरमुसली, पण तिने सायकल वळवली. आम्ही थोडे अंतर आलो असू. तांडेलांनी आम्हाला थांबवले आणि मागे पाहायला सांगितले. वाळूचा तो पट्टा जागच्या जागी होता, तसाच कोरडा, तसाच चमकणारा. परंतु पट्टा आणि किनारा यांच्यामध्ये जिथे सखल ओली वाळू होती, तिथे आता पाणी होते. त्याला लाट नव्हती, फेस नव्हता, आवाजही नव्हता. ते समोरून आलेच नव्हते. बाजूने वळसा घालून आले होते.

“पाणी पहिल्या तासात चोरपावलांनी येते,” तांडेल नातीला सांगू लागले. “दुसऱ्या तासात चालते. तिसऱ्या-चौथ्या तासात धावते. पट्ट्यावर उभा असलेला माणूस समोरच्या लाटांकडे बघत राहतो, आणि पाठीमागची वाट गेलेली असते. पूर्ण भरती सव्वादोनला खरी. पण तुझी वाट सव्वादोनपर्यंत थांबत नाही.”

नात कितीतरी वेळ त्या मधल्या पाण्याकडे पाहत होती. मग तिने फोन काढून पाहिला. भरतीची वेळ तिथे होती. वाट केव्हा बुडेल, ते मात्र त्यात कुठेच लिहिलेले नव्हते. कालवे काढणाऱ्या बायकाही टोपल्या डोक्यावर घेऊन किनाऱ्याकडे निघाल्या होत्या. त्यांना कोणी हाक मारल्याचे मी ऐकले नाही.

परतीच्या वाटेवर आमच्या येतानाच्या चाकोऱ्या काही जागी पुसून गेल्या होत्या. तांडेल आता थोडे वरच्या अंगाने चालले होते. तिथे वाळू जड लागत होती आणि मला धाप लागली. या वेळी मात्र एक बदल झाला होता. पुढे नात होती. तांडेल तिच्या मागे राहून फक्त एखादा शब्द बोलत, “वर घे”, “खाली जा”, “तिथे मऊ आहे.” दोनदा तिचे चाक रुतले. दोन्ही वेळा त्यांनी मदतीला हात पुढे केला नाही. ती आपणच उतरली आणि सायकल ओढून पुन्हा निघाली. गाव दिसू लागेपर्यंत तर ते बोलायचेही थांबले होते.

अंगणात आल्यावर पहिले काम सायकली धुण्याचे. खारे पाणी साखळीवर राहिले तर दोन दिवसांत गंज चढतो. विहिरीचे गोडे पाणी काढून आम्ही चाके, साखळ्या, दांडे सगळे स्वच्छ केले. नातीने साखळीला तेल घातले. हात पुसत तिने विचारले, “आजोबा, पुढच्या रविवारी तिथी कुठली?”

“दशमी.”

ती क्षणभर ओठांतल्या ओठांत पुटपुटली. “दहाचे पाऊणपट साडेसात. भरती सकाळी साडेसातला. म्हणजे ओहोटी दुपारी पावणेदोनला...” मग ती थांबली आणि तिने वर पाहिले. “आणि वारा?”

“तो रविवारी बघू,” तांडेल म्हणाले, आणि चाकांत हवा भरायला खाली बसले.