नागपूरचे ऊन आणि नागपूरचा उजेड

नागपूरच्या उन्हाची कीर्ती वाचकांस सांगावयास नको. वैशाखात नागपुरास लग्नासाठी जावयाचे म्हटले की पुण्या-मुंबईकडील मंडळी खिशात कांदा ठेवण्याच्या गोष्टी बोलू लागतात. परंतु ऊन निराळे आणि उजेड निराळा, आणि हा भेद छायाचित्रे काढावयास लागल्यावाचून सहसा ध्यानी येत नाही. गेल्या गुढीपाडव्यापासून आम्ही दोघातिघा स्नेह्यांनी कॅमेऱ्याचा फ्लॅश बंद ठेवून, केवळ सूर्याच्या भरवशावर या शहरात हिंडावयाचे ठरविले. त्या हिंडण्याचा हा वृत्तान्त आहे. धंदेवाईक छायाचित्रकारांस त्यात नवे काही सापडणार नाही. हौशी मंडळींस कदाचित सापडेल.

फ्लॅशची निंदा करण्याचा आमचा हेतू नाही. १८८७ साली जर्मनीत मीटे व गेडिके या दोघांनी मॅग्नेशियमची झगझगणारी भुकटी सिद्ध केली, तेव्हापासून अंधाऱ्या जागा कॅमेऱ्यास खुल्या झाल्या, हे उपकार लहान नव्हेत. पण त्या उजेडाचा स्वभाव ओळखून असावे. तो भिंगाच्या शेजारून निघतो व समोरून आदळतो. त्यामुळे चेहऱ्याचे चढउतार सपाट होतात. बुबुळांवाटे तो डोळ्याच्या आतील पडद्यापर्यंत जातो, तेथील रक्तवाहिन्यांचा तांबडा रंग घेऊन परततो, आणि घरातील सात्त्विक आजोबा छायाचित्रात राक्षसासारखे दिसू लागतात. शिवाय अंतर दुप्पट झाले की त्याचा जोर चौथाईवर येतो. मुंजीच्या छायाचित्रात मातृभोजनाचे ताट पांढरेफटक आणि मागे उभ्या असलेल्या काकू काळोखात, हा प्रकार घरोघर दिसतो तो यामुळेच. आणि आमच्या मते सर्वांत मोठा दोष असा की, हा उजेड सर्वत्र एकसारखा असतो. नागपुरातील माजघर आणि नाशकातील माजघर त्याच्याखाली एकच होऊन जाते. उलट, घरातील एखादी जुनी तसबीर उतरवून पाहावी. चौकात खुर्च्या मांडल्या आहेत, पुढे जाजमावर मुले बसली आहेत, मागे लुगड्यांचा पदर सावरून बायका उभ्या आहेत. आणि शेवटच्या ओळीतील पोरक्या भाच्याचा चेहराही पहिल्या ओळीतील यजमानांइतकाच स्पष्ट आहे. आभाळाचा उजेड मानपान पाहत नाही.

आता येथील सूर्याविषयी थोडे. आपली प्रमाणवेळ साडेब्याऐंशी अंश रेखावृत्ताची. नागपूर त्याच्या पश्चिमेस, ७९ अंशांच्या किंचित पुढे. सबब येथील खरा मध्यान्ह घड्याळात बारा वाजून गेल्यावर सरासरीने चौदा मिनिटांनी होतो. मे महिन्याच्या २६ तारखेच्या सुमारास, व पुन्हा जुलैच्या मध्यास, सूर्य अगदी माथ्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली नाहीशी होते. ज्योतिषप्रेमी मंडळींस हा सोहळा वाटतो. परंतु त्या वेळी माणसाचे छायाचित्र काढू नये, डोळ्यांच्या जागी दोन काळ्या खोबणी तेवढ्या उमटतात. विलायती पुस्तकांत सूर्योदयानंतरच्या ‘सोनेरी तासा’चे फार माहात्म्य वर्णिलेले असते. तेथे ते ठीकच आहे. संपाताच्या दिवसांत लंडनला सूर्य पहिल्या तासात नऊ अंश चढतो. आमच्याकडे तो चौदा अंश चढून मोकळा होतो. आमचा सोनेरी तास अर्ध्या-पाऊण तासाचाच. १९४० साली खुल्या झालेल्या उच्च न्यायालयाच्या वालुकाश्मी इमारतीवरील कोवळे ऊन ज्यास हवे असेल, त्याने चहा घेऊन निघू नये. परत येऊन घ्यावा.

पण वर्षभरात आम्हांस जे खरोखर गवसले ते महालात. तेथील एका स्नेह्यांचा जुना वाडा दिवाळीनंतर पाडावयाचा होता. भाऊबंदांच्या वाटण्या झालेल्या, कवेलू फुटलेले, माडी गळकी. तक्रार करण्याजोगे त्यात काही नव्हते. वाड्यात त्यांच्या आत्याबाई होत्या, वय नव्वदीच्या घरात. मोतिबिंदू काढल्यापासून त्यांच्या डोळ्यांस झगमगाट सोसत नसे. फ्लॅश चमकला की त्या डोळे मिटीत. परिणाम असा की, गेल्या दहा-बारा वर्षांतील मुंजी, बारशी, मंगळागौरी या सर्वांत त्या आहेत, आणि सर्वांत त्यांचे डोळे मिटलेले आहेत. वाडा पडण्यापूर्वी वाड्यातला, उघड्या डोळ्यांचा असा त्यांचा एक फोटो असावा, ही भाच्यापुतण्यांची इच्छा.

आम्ही लगोलग कॅमेरा काढला नाही. तीन दिवस सकाळी जाऊन नुसते चौकात बसलो. भाद्रपदाची उघडीप होती. नऊ वाजता ऊन पश्चिमेकडील माडीच्या चुन्याच्या भिंतीवर पडे. तेथून ते परतून समोरच्या, म्हणजे पूर्वेकडील ओसरीत उतरे. ओसरीत ऊन असे नव्हतेच; भिंतीने गाळून दिलेला शांत उजेड होता, आणि तो साडेनवापासून सव्वादहापर्यंत टिके. पुढे ऊन फरशीवर आले की सारे बिघडे. चौथ्या दिवशी आत्याबाईंस आम्ही कोठेही नेले नाही. त्या रोजच्या जागी, खांबाला टेकून, देवासाठी वाती वळीत बसल्या होत्या. चौकाकडील गाल उजळलेला, दुसरा अंधारात. म्हणून धुतलेले पांढरे धोतर पुतण्याच्या हाती ताणून धरविले, तेवढ्याने दुसऱ्या बाजूसही उजेड पोचला. संवेदनक्षमता ४००, भिंग चार क्रमांकाच्या छिद्रावर, शटर एक-साठांश सेकंद. कॅमेरा एका पालथ्या पायलीवर टेकविला होता.

“आज तो चमकणारा दिवा नाही ना?” त्यांनी विचारले.

“नाही, आत्याबाई.”

“मग खुशाल काढा. मी आपलं माझं काम करते.”

आणि त्या खरोखरच आम्हांस विसरल्या. थोड्या वेळाने विहिरीवर कोणाची तरी बादली आपटली, त्यांनी मान वर केली, आणि ते छायाचित्र आले. हातात अर्धी वळलेली वात आहे, मागे खांबावर हळदीकुंकवाची जुनी बोटे आहेत, आणि डोळे उघडे आहेत. सुरकुत्या सर्वच्या सर्व आहेत. धाकट्या सूनबाईंस त्या जरा अधिक वाटल्या. आत्याबाईंनी फोटो खिडकीशी नेऊन पाहिला आणि म्हणाल्या, “खांब चांगला आला आहे.”

चौकातील या उजेडाचे मोल कलावंतांस पूर्वीपासून ठाऊक आहे. दादासाहेब फाळके यांनी १९१३ साली पडद्यावर आणलेला ‘राजा हरिश्चंद्र’ दादरला सूर्यप्रकाशातच चित्रित केला. पुढे १९५६ च्या ‘अपराजितो’ या बंगाली बोलपटासाठी काशीतील घराचा चौक कलकत्त्याच्या स्टुडिओत उभारावा लागला, तेव्हा सुब्रत मित्र यांनी वर पांढरे कापड ताणून त्यावर दिव्यांचा झोत टाकला व तो परतवून खाली घेतला. जे महालातल्या वाड्यांत रोज सकाळी फुकट पडत असे, ते त्यांस एवढ्या खटाटोपाने निर्मावे लागले.

पावसाळ्यात मात्र सारे नागपूरच एक ओसरी होते. आषाढात आम्ही रामटेकास गेलो. महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी मेघदूतातील रामगिरी तो हाच, असे प्रतिपादिले आहे. यक्षास मेघ दूत म्हणून उपयोगी पडला. आम्हांस तो गाळणी म्हणून पडला. ढगाआडून सूर्याचा एक झोत न येता सगळे आभाळच मंद दिवा बनते, आणि भर दुपारी बारा वाजताही पायऱ्या चढणाऱ्या यात्रेकरूंचे चेहरे स्वच्छ येतात. ओल्या दगडाचा काळसर तांबूस रंग आम्ही उन्हाळ्यात कधी पाहिला नव्हता. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीच्या मिरवणुकीतही असेच ढगाळ होते. इतवारीच्या गर्दीत फ्लॅश चालविणारे पुष्कळ होते. त्यांच्या चित्रांत पुढच्या माणसाचा सदरा झळकला आणि काळी मारबत मागे अंधारात राहिली असेल, असा आमचा तर्क आहे. अंबाझरीच्या बंधाऱ्यावरील सूर्यास्ताविषयी लिहीत नाही. तो नागपुरातील प्रत्येकाने काढलेला आहे.

वाडा आता नाही. आत्याबाई पुतण्यांबरोबर मनीषनगरकडे एका सदनिकेत तिसऱ्या मजल्यावर असतात. तेथे चौक नाही, पण बैठकीस उत्तरेची एक मोठी खिडकी आहे, आणि उत्तरेचा उजेड दिवसभर फारसा हलत नाही. फाल्गुनात त्यांचे आणखी एक छायाचित्र आम्ही त्या खिडकीशी काढले. चैत्र लागताच तेथे कूलर बसला. तो मृगाचा पाऊस पडल्याशिवाय उतरावयाचा नाही, असे सूनबाईंनी निक्षून सांगितले आहे. तोवर थांबणे आले.